दम लागतो, त्याला आळस म्हणू नका

आमच्या परिचयातल्या एका घरची ही हकीगत आहे. घर कोकणातले. नवरा आखातात नोकरीला, घरी सासू-सासरे, नणंद आणि दोन लहान मुले. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुनेला माडीवर जाताना दम लागू लागला. धुण्याची बादली उचलली की छातीत धडधडायचे. सासू म्हणाली, "आम्ही नाही का चार-चार बाळंतपणं काढली? हल्लीच्या पोरींत ताकदच नाही." शेजारणींनी खारीक-बदाम सांगितले, गावच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. एकाने नजर लागल्याचे सांगून ताईत दिला. यात दीड वर्ष गेले. मग बकरी ईदच्या दिवशी स्वयंपाकघरात ती चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले आणि टूडी इको झाला. निदान निघाले फुप्फुसांतल्या वाढलेल्या रक्तदाबाचे.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "डॉक्टरांनी यांना फोनवर सगळं सांगितलं. मला कोणी काही सांगत नाही. मी किती जगेन? आणि जितकी जगेन तितकी अशी अंथरुणावरच का?"

नाव-गाव न देण्याच्या अटीवर तिने हे लिहायला परवानगी दिली. तिचे दोन्ही प्रश्न सरळ आहेत आणि त्यांना सरळ उत्तर मिळायला हवे. म्हणून हा लेख.

हा कोणता रक्तदाब?

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब सगळ्यांना ठाऊक असतो. हा त्याहून वेगळा. हृदयाची उजवी बाजू शरीरातून आलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवते. तिथे ते प्राणवायू घेते आणि डाव्या बाजूला परत येते. फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीतला दाब मुळात कमी असतो, विश्रांतीच्या वेळी सरासरी १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. तो २०च्या वर गेला की डॉक्टर त्याला फुप्फुसांतला उच्च रक्तदाब, म्हणजेच पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. दंडावरचा रक्तदाब तेव्हा अगदी ठीक असू शकतो, म्हणून नेहमीच्या तपासणीत हा आजार सापडत नाही.

फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद आणि ताठ होत जातात. त्यांतून रक्त ढकलण्यासाठी हृदयाच्या उजव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो. तो आधी जाड होतो, मग फुगतो आणि शेवटी थकतो. या रुग्णाचे भवितव्य मुख्यतः या उजव्या कप्प्याच्या ताकदीवर ठरते.

रक्ताचा हा मार्ग प्रथम ज्यांनी नीट सांगितला ते दमास्कसजवळ जन्मलेले आणि काहिऱ्यात वैद्यकी केलेले इब्न अल-नफीस. हृदयाच्या मधल्या पडद्याला अदृश्य छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असे त्याआधी हजार वर्षे मानले जात होते. इब्न सिना यांच्या ग्रंथावर १२४२ साली लिहिलेल्या भाष्यात इब्न अल-नफीस यांनी ते नाकारले. रक्त फुप्फुसांतून फिरूनच डाव्या बाजूला जाते, हे त्यांनी लिहून ठेवले. १२८८ मध्ये त्यांचे निधन झाले. आपले घर आणि पुस्तके त्यांनी काहिऱ्याच्या मन्सूरी रुग्णालयाला दिली होती. ज्या रस्त्याचा शोध आपल्याच एका बुजुर्गाने लावला, त्या रस्त्यावरची अडचण आपल्या घरात ओळखू येऊ नये, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

ओळखायला उशीर का होतो?

कारण खुणा साध्या असतात. चढावर दम लागतो, लवकर थकवा येतो, छातीत धडधडते. पुढे पावलांवर संध्याकाळी सूज येते, पोट फुगल्यासारखे वाटते, ओठ निळसर दिसतात, चालताना किंवा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. यांतली प्रत्येक खूण अशक्तपणा, वजन, वय, दमा किंवा चिंता यांच्या नावावर खपवता येते. मोठ्या देशांतही पहिल्या खुणेपासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ जातो. आपल्याकडे बाई आपला त्रास उशिरा सांगते आणि घर त्याहून उशिरा ऐकते.

कारणांचे डॉक्टरांनी पाच गट केले आहेत. पहिल्या गटात फुप्फुसांतल्या धमन्यांचाच आजार असतो. तो स्त्रियांत जास्त आढळतो. काहींत तो आनुवंशिक असतो, काहींत जन्मतः हृदयाला असलेल्या छिद्रामुळे किंवा स्क्लेरोडर्मासारख्या आजारामुळे होतो. वजन उतरवण्याच्या काही गोळ्यांनीही तो झालेला आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रियात अमिनोरेक्स नावाच्या अशाच गोळीने या आजाराची लाट आली होती. लग्नाआधी बारीक होण्यासाठी कुठल्याही पुड्या-गोळ्या घेणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवावे.

दुसरा गट हृदयाच्या डाव्या बाजूच्या आजारांचा, आणि सर्वांत जास्त रुग्ण याच गटात असतात. लहानपणी घसा धरून, ताप येऊन, सांधे दुखून गेलेल्या मुलांची झडप पुढे अरुंद होते, ते रुग्ण यातलेच. तिसरा गट फुप्फुसांच्या आजारांचा: विडी-सिगारेट, वर्षानुवर्षे चुलीचा धूर, क्षयाने खराब झालेली फुप्फुसे. चौथ्यात फुप्फुसांत अडकून राहिलेल्या रक्ताच्या गुठळ्या येतात. पाचव्यात उरलेली निरनिराळी कारणे.

हा गट ठरवणे फार महत्त्वाचे, कारण उपचार त्यावरच ठरतो. अरुंद झडप फुग्याने उघडली किंवा बदलली की दाब पुष्कळदा खाली येतो. गुठळ्यांच्या गटात योग्य रुग्णाच्या गुठळ्या शस्त्रक्रियेने काढता येतात आणि काही जण जवळजवळ बरे होतात. ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही त्यांच्यासाठी फुग्याची अँजिओप्लास्टी आहे. म्हणून टूडी इकोत दाब जास्त दिसला की तिथेच थांबू नये. छातीचा सीटी, गुठळ्यांसाठी व्हीक्यू स्कॅन आणि नक्की दाब मोजण्यासाठी उजव्या हृदयाची कॅथेटर तपासणी, यांतले आपल्या रुग्णाला काय लागेल, हे तज्ज्ञांना विचारावे. पहिल्या गटाचे निदान पक्के करायला कॅथेटर तपासणी लागतेच.

किती जगणार?

आता तिचा पहिला प्रश्न. इंटरनेटवर शोधणाऱ्याला पटकन सापडतो तो जुना आकडा असा: निदानानंतर अडीच-तीन वर्षे. हा आकडा खोटा नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत पहिल्या गटातल्या १९४ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांतले निम्मे रुग्ण २.८ वर्षांच्या आत गेले आणि पाच वर्षांनंतर ३४ टक्के हयात होते. पण तेव्हा या आजारासाठी खास असे एकही औषध मंजूर नव्हते.

पहिले औषध, शिरेतून सतत द्यावे लागणारे, १९९५ मध्ये आले. तोंडाने घेण्याची बोसेन्टानची गोळी २००१ मध्ये आणि सिल्डेनाफिल या आजारासाठी २००५ मध्ये मंजूर झाले. त्यानंतर टाडालाफिल, अँब्रिसेन्टान, मॅसिटेन्टान, रिओसिग्वाट आले. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत सोटाटरसेप्ट या वेगळ्या तऱ्हेने काम करणाऱ्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली. २००६ पासून अमेरिकेतच ठेवलेल्या रिव्हील या मोठ्या नोंदीत निदानानंतर पाच वर्षांनी ५७ टक्के आणि सात वर्षांनी ४९ टक्के रुग्ण हयात होते. दोन्ही नोंदींतले रुग्ण अगदी सारखे नाहीत, त्यामुळे तंतोतंत तुलना करता येत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

आजार गंभीर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हे आकडे हजारो लोकांच्या सरासरीचे आहेत, एका माणसाच्या आयुष्याचा हिशेब त्यांत नसतो. तो अल्लाहपाशी आहे. आपल्या हाती असते ते धोका कमी करणे, आणि डॉक्टर तो धोका मोजू शकतात.

मोजण्याची एक साधी तपासणी म्हणजे सहा मिनिटांची चाल. रुग्णाला रुग्णालयाच्या सपाट बोळातून सहा मिनिटे आपल्या गतीने चालायला सांगतात आणि अंतर मोजतात. ४४० मीटरच्या वर गेले तर धोका कमी, १६५ मीटरच्या आत राहिले तर जास्त. त्याच्या जोडीला रक्तातील बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी आणि रोजच्या कामात किती दम लागतो याच्या चार पायऱ्या पाहतात. पहिल्या पायरीवर नेहमीच्या कामाने त्रास होत नाही, चौथ्या पायरीवर बसल्या जागीही दम लागतो. सगळे मिळून कमी धोक्याच्या गटात असलेल्या रुग्णाला पुढच्या एका वर्षात मृत्यूचा धोका पाच टक्क्यांहून कमी असतो, जास्त धोक्याच्या गटात वीस टक्क्यांहून अधिक. रुग्णाला कमी धोक्याच्या गटात आणणे आणि तिथेच ठेवणे, हे उपचाराचे उद्दिष्ट. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करायची असते. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद करणे, हा या आजारातला सर्वांत महागात पडणारा निर्णय ठरू शकतो.

कसे जगणार?

तिचा दुसरा प्रश्न पहिल्याहून लहान नाही. ब्रिटनमध्ये या रुग्णांसाठी एम्फसिस-१० नावाची दहा प्रश्नांची यादी तयार झाली. दम लागल्यामुळे बोलणे अर्धवट राहते का, दिवसा आडवे व्हावे लागते का, गर्दीत जायला धीर होतो का, आपण घरच्यांवर ओझे झालो आहोत असे वाटते का, असे तिचे प्रश्न. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त, आणि ज्यांचे गुण जास्त त्यांच्या जिवालाही धोका जास्त, असे पुढे दिसून आले. म्हणजे "कसे जगणार" आणि "किती जगणार" हे प्रश्न एकमेकांना धरूनच आहेत. ओझे झाल्याची भावना ही गोळीने जाणारी गोष्ट नाही. ती घरानेच घालवायची आहे.

घराने काय करावे? रुग्णाची खोली तळमजल्यावर आणा. पाणी भरणे, जड बादल्या, वरची भांडी काढणे ही कामे दुसऱ्याने उचला. बसून होणारी कामे तिच्याकडे राहू द्या: भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास, कुरआन शिकवणे, घरखर्चाचा हिशेब. सगळे काढून घेतले तर माणूस आजाराने नाही, रिकामेपणाने खचतो.

हालचाल पूर्ण बंद करू नका. "पडून राहा" हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे ३० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्यांना पंधरा आठवडे देखरेखीखाली हलका व्यायाम दिला. अखेरीस सहा मिनिटांच्या चालीत व्यायाम करणारे इतरांपेक्षा सरासरी १११ मीटरनी पुढे होते. मात्र औषधे स्थिर झाल्यावर, डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. बोलता येईल इतपतच दम लागू द्या. चक्कर आली की थांबा.

मिठाकडे लक्ष द्या. लोणचे, पापड, सुकट, सुके बोंबील, फरसाण यांतून मीठ नकळत जाते आणि अंगात पाणी साठते. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढले किंवा सूज वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल विचारा. घरात विडी-सिगारेट नको आणि धुराची चूल नको. लोबानाचा धूरही रुग्णाच्या खोलीपासून दूर ठेवा.

मनाकडेही पाहा. उदासी आणि धास्ती या आजारात पुष्कळ जणांना ग्रासते. ती ईमान कमी असल्याची खूण नाही. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

नमाज, रोजा, उमरा

आम्हाला भेटलेल्या बहिणीला सर्वांत मोठे दुःख रोजे सुटल्याचे होते. दीनने आजाऱ्याला दिलेली सवलत ही रहमत आहे, ती घेताना अपराधी वाटून घेऊ नये. वाकल्यावर दम लागत असेल, सजद्यातून उठताना अंधारी येत असेल, तर खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा करता येते. वजूही बसून करावा.

रोज्याचा निर्णय रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावा. आपल्याकडे रोजा तेरा-चौदा तासांचा होतो. सिल्डेनाफिल बहुधा दिवसातून तीनदा घ्यायचे असते, त्यामुळे मधली मात्रा चुकते. सोबत लघवीची गोळी असेल तर पाणी कमी पडून रक्तदाब उतरू शकतो. काही स्थिर रुग्णांना डॉक्टर दिवसातून एकदाच घेण्याच्या औषधावर आणू शकतात, काहींना रोजा ठेवूच नका असे सांगतात. आपणच गोळ्यांची वेळ बदलू नये. ज्यांना पुढे कजा करणेही शक्य नाही त्यांच्यासाठी फिदया आहे. आपल्या बाबतीत काय लागू होते, ते जवळच्या आलिमांना विचारावे.

उमरा-हजला जायचे असेल तर विमानात प्राणवायूची गरज पडेल का, हे आधी विचारा. तवाफ आणि सईसाठी व्हीलचेअर मिळते, ती घेण्यात संकोच नको. मक्का उंचावर नाही, पण उमऱ्याच्या सहलीत ताइफची जियारत असते आणि ताइफ सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. अशा रुग्णांनी दीड-दोन हजार मीटरच्या वर जाणे टाळावे, असा सल्ला असतो. गारे हिराची चढण तर नकोच. हज सामर्थ्य असेल त्यावरच फर्ज आहे आणि शरीराची ताकद हा त्या सामर्थ्याचाच भाग आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या मुलाचा आग्रह

हे लिहिणे अवघड आहे, पण टाळता येत नाही. पहिल्या गटातल्या आजारात गर्भधारणा आईच्या जिवावर बेतते. जुन्या अभ्यासांत अशा मातांपैकी ३० टक्क्यांहून अधिक दगावल्याचे दिसले. उपचार सुधारल्यावरही धोका मोठाच आहे, म्हणून तज्ज्ञ गर्भधारणा टाळायला सांगतात. शिवाय बोसेन्टानसारख्या औषधांनी गर्भात व्यंग येऊ शकते आणि बोसेन्टानमुळे पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा परिणामही कमी होतो. म्हणून कोणता उपाय वापरायचा, हे नवरा-बायकोने दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारावे. आईच्या जिवाला धोका असताना गर्भधारणा टाळण्यास उलमांनी मुभा दिलेली आहे. मनात शंका असेल तर डॉक्टरांचा लेखी अभिप्राय घेऊन आलिमांकडे जा. "एक मुलगा तरी होऊ द्या" असे म्हणणाऱ्या घरातल्या मोठ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

औषधाची लाज आणि खर्च

सिल्डेनाफिल हे औषध पुरुषांच्या दुसऱ्या एका तक्रारीसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे चिठ्ठी पाहून दुकानदार हसतो, दीर विचित्र नजरेने पाहतो आणि बाई औषध आणणेच सोडते. असे घडलेले आम्ही ऐकले आहे. हे औषध फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून ते दिले जाते. घरच्या पुरुषाने स्वतः जाऊन ते आणावे. एक काळजी मात्र घ्यावी: छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी याच्यासोबत कधीही देऊ नये, रक्तदाब धोकादायक इतका उतरतो. बोसेन्टान चालू असेल तर दर महिन्याला यकृताची तपासणी चुकवू नये.

यांतली बरीच औषधे भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक स्वरूपात मिळतात, तरी जन्मभराचा खर्च सोपा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या रुग्णाला लागणारा उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. मोहल्ल्यातल्या जकात जमा करणाऱ्या मंडळींनाही एक विनंती: पात्र असलेल्या रुग्णाला रमजानमध्ये एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा बारा महिन्यांच्या गोळ्यांची सोय लावता आली तर पाहावी.

ती बहीण आता खालच्या खोलीत राहते. पहिल्यांदा चालली तेव्हा सहा मिनिटांत २९० मीटर झाले होते, मागच्या खेपेला ३६५ झाले. सासू रोज सकाळी वजनाच्या काट्यापाशी वही घेऊन उभी असते. "मला अक्षर येत नाही, आकडा तेवढा कळतो," असे त्यांनीच आम्हाला सांगितले. आजार गेलेला नाही आणि पुढे काय होईल ते अल्लाह जाणतो. पण आपल्याला काय झाले आहे ते तिला आता माहीत आहे, आणि ती एकटी नाही.

आपल्या घरात कोणी दोन जिने चढून भिंतीला टेकत असेल, बोलता बोलता थांबून श्वास घेत असेल, तर तिला नावे ठेवू नका. या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे न्या आणि विचारा, "टूडी इको करायला हवा का?" अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.